साहेब स्विच मारतात, भांडतो आपण!

नेत्याचा पक्ष बदलतो आणि आपल्या ग्रुपवर महायुद्ध पेटतं. पुण्यानं हा खेळ २०२२ ते २०२६ या काळात जरा जास्तच जवळून बघितला. प्रश्न एवढाच, की यात जातं कुणाचं?

'हू इज धंगेकर?'

फेब्रुवारी २०२३. कसब्याच्या पोटनिवडणुकीचा प्रचार सुरू होता. चंद्रकांतदादा पाटलांनी हा तीन शब्दांचा प्रश्न टाकला आणि पुण्याला फुकटात टाइमपास मिळाला. रिक्षावाल्यापासून ऑफिसातल्या एचआरपर्यंत जो तो एकमेकांना विचारायला लागला, हू इज तू? २ मार्चला निकाल लागला. १९९५ पासून भाजपच्या ताब्यात असलेली सीट रवींद्र धंगेकरांनी काँग्रेसच्या पंजावर जवळपास ११ हजारांच्या लीडनं काढली. लगोलग फ्लेक्स लागले, 'धिस इज धंगेकर'. ज्यांना राजकारणाचा र माहीत नव्हता, त्यांनीही तो फोटो स्टेटसला टाकला. पेठेतल्या मुलांना तर आपणच आमदार झाल्यासारखं वाटत होतं.

आता फास्ट फॉरवर्ड करू. २०२४ ला लोकसभा, मुरलीधर मोहोळांकडून हार. त्याच वर्षी नोव्हेंबरला विधानसभा, कसब्यातच हेमंत रासनेंकडून हार. आणि मार्च २०२५ मध्ये धंगेकर एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत. म्हणजे ज्या युतीला कसब्यात धूळ चारली म्हणून दोन वर्षं ढोल वाजले, त्याच युतीत. गंमत बघा, हा माणूस मुळात शिवसेनेचाच. तिथून मनसे, मनसेतून काँग्रेस आणि शेवटी परत शिवसेना. घरवापसीच म्हणायची, फक्त मधल्या काळात घराच्याच दोन वाटण्या झाल्या होत्या.

त्या दिवशी 'धिस इज'वाले सगळे ग्रुप गपगार. एकानं गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकलं, बास.

पँट्रीतलं महाभारत

आमच्या ऑफिसच्या पँट्रीत मात्र शांतता नव्हती. एक टेस्टिंगवाला आहे, कसब्यात वाढलेला. २०२३ ला त्यानं दोन दिवस सुट्टी टाकून प्रचार केला होता. एक साताऱ्याची मुलगी आहे, पक्की भाजपवाली, आकड्यांत तयार. आणि एक सीनियर आहेत, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो आणि त्यांना ते अजिबात आवडत नाही.

"अरे, तुमचा भाऊ आला की आमच्यात. आता तरी मत देशील ना?"

"कामासाठी गेलेत. सत्तेशिवाय कामं होत नाहीत."

"मग आमच्याकडे येतात ते ईडीला घाबरून येतात, असं तूच म्हणायचास ना?"

"ते वेगळं!"

हे 'ते वेगळं' म्हणजे आपल्या सगळ्या राजकीय चर्चांचं नाक आहे. आपला गेला तर विकासासाठी, त्यांचा गेला तर खोक्यांसाठी. आपल्याकडे आला तर चूक सुधारली, आपल्यातून गेला तर गद्दार. शब्दांचा स्टॉक ठरलेला आहे. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर '५० खोके, एकदम ओके' सुरू झालं आणि आठवड्याभरात पोरं क्रिकेट मॅच हरल्यावर ते म्हणायला लागली. शिंदे गटानं खोक्यांचा आरोप फेटाळला, पण घोषणा काही मागे गेली नाही. तिकडून 'तुम्ही २०१९ ला काय केलंत?' असं उत्तर आलं. मग इकडून पहाटेच्या शपथविधीचा विषय निघाला. २३ नोव्हेंबर २०१९, फडणवीस-अजितदादा, जेमतेम ऐंशी तासांचं सरकार. मग काका सरसावतात आणि म्हणतात, "हे काहीच नाही, १९७८..."

मी घड्याळ लावून बघितलंय. वाद कुठूनही सुरू होऊ दे, लंच संपायच्या आत तो १९७८ ला पोचतो. शरद पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडलं आणि अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, तो पुलोदचा जुलै. टेबलावरच्या निम्म्या लोकांचे आईवडील तेव्हा शाळेत होते. तरी त्या एका उदाहरणात दोन्ही बाजूंना पाहिजे ते सगळं मिळतं. एकाला 'सुरुवात कुणी केली' मिळतं, दुसऱ्याला 'तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात' मिळतं. डबा संपतो, पण वाद काही संपत नाही.

आणि याचं हसू येतं तोवर ठीक. पण २०२२ ला शिवसेना आणि २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली, तेव्हा बऱ्याच घरांत वाद हसण्यापलीकडे गेला. दसऱ्याला एकत्र येणारे दोन सख्खे चुलतभाऊ दोन वर्षं एकमेकांकडे गेले नाहीत, असं घर माझ्या ओळखीत आहे. एक मातोश्रीवाला, दुसरा ठाण्यावाला. दोघांपैकी कुणालाही कधी तिकीट मिळणार नव्हतं, की साधी कमिटी मिळणार नव्हती. बारामतीत २०२४ ला नणंद विरुद्ध भावजय अशी लढत झाली. सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या, सुनेत्रा पवार हरल्या. निवडणुकीनंतर पुढाऱ्यांच्या घरात काय ते त्यांचं ते बघतात. तुमच्या-आमच्या घरातली भाऊबीज कोण सांभाळणार?

आपणही स्विच मारतोच की

इथे आमच्या टीममधला एक हुशार प्राणी हमखास बोलतो. "बॉस, आपण दोन वर्षांत तीन कंपन्या बदलतो. तीस टक्के हाइक दिसली की पेपर टाकतो. मग नेत्यांनी बदलला पक्ष तर एवढं काय?"

पॉइंट आहे. मीही बरेच दिवस यावर निरुत्तर होतो. मग एका एचआरवालीनं एका वाक्यात निकाल लावला. म्हणाली, "तुम्ही जाता तेव्हा लॅपटॉप परत करता."

करेक्ट! नोटीस पीरियड असतो, हँडओव्हर असतो, आयडी कार्ड जमा करावं लागतं. आपण नव्या कंपनीत जातो ते आपलं डोकं घेऊन, जुन्या कंपनीचा क्लायंट खिशात घालून नाही. आमदारानं पक्ष बदलला तर लॅपटॉप कुठला? ती खुर्ची. ती त्याला त्या चिन्हावर, त्या जाहीरनाम्यावर मतं मागून मिळालेली असते.

आणि लॅपटॉप परत करणारे लोक आपल्याकडे झालेत बरं का. आमच्या पँट्रीतल्या साताऱ्याच्या मुलीचा हा आवडता विषय. उदयनराजे भोसले २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रवादीचे खासदार म्हणून निवडून आले. सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरात पोटनिवडणुकीला उभे राहिले. भर पावसात शरद पवारांनी भाषण केलं ते याच प्रचारात, साताऱ्यात. राजे ८७ हजारांहून जास्त मतांनी पडले, श्रीनिवास पाटील जिंकले. पुढे भाजपनं त्यांना राज्यसभेवर पाठवलं आणि २०२४ ला ते साताऱ्यातूनच कमळावर लोकसभेत गेले. तुम्हाला त्यांचा निर्णय पटो न पटो, त्यांनी लोकांसमोर जाऊन विचारलं, लोक नाही म्हणाले, त्यांनी ते ऐकलं. माझ्या मते एवढा एक फरक बाकी सगळ्या वादापेक्षा मोठा आहे. गेला कुठे हे दुय्यम, जाताना काय घेऊन गेला ते बघा.

२०२२ आणि २०२३ ला उलटं झालं. कुणी राजीनामा दिला नाही, कारण कुणी पक्ष सोडलाच नव्हता! दोन्ही वेळेला जाणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं, की आम्हीच खरा पक्ष. म्हणजे लॅपटॉप तर ठेवलाच, वर कंपनीचा लोगोही आमचाच. निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदेंना आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजितदादांना दिलं. शरद पवारांच्या पक्षाच्या हातात तुतारी आली.

कायदा आहे, पण...

'आयाराम गयाराम' हा शब्द हरियाणातल्या गयालाल नावाच्या आमदारामुळे आला. १९६७ मध्ये त्यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. त्यावर औषध म्हणून १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावं परिशिष्ट आलं. पक्ष सोडला किंवा व्हिपविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाणार. पळवाट अशी ठेवली, की एक तृतीयांश लोक फुटले तर ती 'फूट', ते माफ. म्हणजे एकटा पळाला तर चोर, टोळीनं पळाले तर सहल. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ही फुटीची सवलत काढली. उरलं ते विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश लागतात.

सगळ्यात मोठा घोळ वेगळाच आहे. फैसला करतो विधानसभेचा अध्यक्ष, तोही स्वतः एका पक्षाचा. आणि किती दिवसांत करायचा, हे कायद्यात लिहिलेलंच नाही. शिंदे गटाच्या आमदारांविरुद्धचा वाद जून २०२२ चा. सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये वाजवी काळात निकाल द्या म्हणून सांगितलं, मग तारीख घालून दिली, ती वाढवली. निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. दोन्हीकडचं कुणीच अपात्र नाही! निकाल देणारे राहुल नार्वेकर आधी शिवसेनेत होते, मग राष्ट्रवादीत, मग भाजपमध्ये. हा टोमणा नाही, बायोडेटा आहे. आणि त्या विधानसभेची टर्म तरी किती राहिली होती? नोव्हेंबरात निवडणूक. तुमच्या कंपनीत एखाद्या तक्रारीवर दीड वर्षानं असा निकाल आला असता तर?

नगरसेवकांनाही पक्षांतरबंदी आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यासाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. निवडून आल्यावर गटाची नोंदणी विभागीय आयुक्तांकडे करायची आणि मग व्हिप पाळायचा. पण इथे पुण्याची खास स्टोरी आहे. पुणे महापालिकेची टर्म मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधे जवळपास चार वर्षं प्रशासक. शहरात एकही नगरसेवक नाही, सगळे माजी. आणि माजी माणसाला कसली पक्षांतरबंदी? त्याच्याकडे गमवायला खुर्चीच नव्हती. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे, कायद्याला काही देणंघेणं नाही. रस्त्यावरचा खड्डा दाखवायला माणूस नव्हता, पण प्रवेश सोहळे मात्र जोरात.

कात्रजच्या वसंत मोरेंचंच घ्या. तात्या म्हणजे मनसेचा पुण्यातला सगळ्यात ओळखीचा चेहरा. एप्रिल २०२२ मध्ये भोंग्यांच्या भूमिकेवर त्यांनी वेगळा सूर लावला आणि शहराध्यक्षपद गेलं. तरी दोन वर्षं थांबले. मार्च २०२४ मध्ये मनसे सोडली. वंचितकडून लोकसभा लढले, ३२ हजारांच्या आसपास मतं, डिपॉझिट जप्त. जुलैत ठाकरेंच्या शिवसेनेत. चार महिन्यांत तीन पक्ष. तात्यांवर मीम्सचा पाऊस पडला, आणि मीम्स चांगल्याही होत्या. पण त्या भोंग्याच्या मुद्द्यावर त्यांनी घेतलेली भूमिका वॉर्डातल्या शेजाऱ्यांना धरून होती आणि तिची किंमत त्यांनी पद देऊन मोजली, हे मीममध्ये मावत नाही. त्या लोकसभेच्या मशिनवर धंगेकर आणि मोरे ही दोन्ही नावं होती. एकेकाळी महापालिकेत दोघंही मनसेचे.

म्हणून मला 'सगळे सारखेच' हे वाक्य पटत नाही. ते आळशी वाक्य आहे. प्रशांत जगतापांचं बघा. राष्ट्रवादी फुटली तेव्हा शहरातली बरीच मंडळी दादांकडे गेली, हे शरद पवारांकडे थांबले. २०२४ ला हडपसरमधून चेतन तुपेंकडून हरले. डिसेंबर २०२५ मध्ये महापालिकेसाठी दोन्ही राष्ट्रवादी एकत्र येणार असं दिसल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि काँग्रेसमध्ये गेले. आता सांगा, पक्ष कुणी बदलला? जागेवरून हलला तो, की पायाखालची जागाच हलली? आमच्या पँट्रीत यावर पाऊण तास गेला आणि पहिल्यांदाच १९७८ निघालं नाही.

आणि पक्ष बदलला की माणूस नव्या मालकाचं सगळं ऐकतो, हेही खरं नाही. धंगेकर महायुतीत गेले आणि २०२५ च्या ऑक्टोबरात जैन बोर्डिंगच्या जागेवरून महायुतीच्याच मोहोळांवर आरोप करत सुटले. मोहोळांनी आरोप फेटाळले. टेस्टिंगवाल्याला त्या आठवड्यात पुन्हा कंठ फुटला होता.

वरची पट्टी, खालची पोरं

नदीपलीकडे वाकड-पिंपळे सौदागरला राहत असाल तर तुमच्याकडे यापेक्षा भारी केस आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका २०१२ ला राष्ट्रवादीची होती, स्पष्ट बहुमतानं. २०१७ ला भाजपनं १२८ पैकी ७७ जागा घेतल्या. भाजपकडून किल्ला लढवणारे लक्ष्मण जगताप आणि महेश लांडगे, दोघंही मूळचे राष्ट्रवादीच्या मुशीतले. सत्ता बदलली हो, पण कार्यालयातल्या चहावाल्याला नवीन चेहरे फारसे लक्षात ठेवावे लागले नसतील.

हे असं का होतं? चारच्या प्रभागात चार जणांचं पॅनल लागतं. पाच वर्षं वॉर्डात राबलेला आपला माणूस पाडायचा की विरोधकाचा निवडून येणारा माणूस उचलायचा, हा प्रश्न पक्षाला पडतो आणि उत्तर जवळपास नेहमी दुसरं असतं. त्याला गोंडस नाव आहे, 'इलेक्टिव्ह मेरिट'. मग फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी तिकीट कापलेले निष्ठावंत रडतात, शिव्या देतात. तिकिटाचा पुरावा म्हणजे पक्षाचा एबी फॉर्म, तो जोडला नाही तर तुम्ही अपक्ष. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस धनकवडी-सहकारनगर भागात एका उमेदवारावर दुसऱ्याचा एबी फॉर्म फाडून चक्क गिळल्याचा आरोप झाला. एकाच पक्षाचे दोघं! पुण्यात चिवडा, बाकरवडी, मस्तानी असताना माणसावर कागद खाल्ल्याचा आरोप व्हावा, यातच सगळं आलं.

चौकातला फ्लेक्स नीट बघा कधीतरी. वरच्या पट्टीत नेत्यांचे गोल गोल फोटो, मधे वाढदिवसाचे भाऊ, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे. पक्ष बदलला की वरची पट्टी बदलते. भाऊ तेच, शर्ट तोच, गॉगल तोच. आणि खालची पोरंही तीच. त्यांना कुणी विचारत नाही, भाऊ निघाले की ती निघतात. कालपर्यंत ज्याच्या बॅनरला चपला मारल्या, त्याचाच बॅनर आज पहाटे दोन वाजता शिडीवर चढून बांधायचा.

अशा एका मुलाशी परवा बोललो. सत्तावीस वर्षांचा, बीकॉम, एका बँकेच्या बॅकऑफिसला कॉन्ट्रॅक्टवर. गणपतीत मंडळाच्या ढोलपथकात, बाकी वर्षभर भाऊंच्या मागे. २०२१ मध्ये भाऊ विरोधात होते. एका सरकारी ऑफिससमोर आंदोलन केलं, जमावबंदी मोडली म्हणून वीस-पंचवीस जणांवर केस झाली. भाऊंचं नाव एक नंबरला, याचं अकराव्या. पुढे भाऊ सत्तेतल्या पक्षात गेले. ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या, त्यांच्याच शेजारी आता खुर्ची असते.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"भाऊंचा? नाय ओ. भाऊ आजारपणात उभे राहिलेत घरच्यांच्या. रात्री दोनला हॉस्पिटलला आले होते. तुमचे ऑफिसवाले येतात का?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. पँट्रीत 'अंधभक्त' नाहीतर 'चमचा' म्हणून आपण ज्यांना एका शब्दात उडवतो, त्यांची निष्ठा पक्षावर नसतेच. ती रात्री दोन वाजता आलेल्या माणसावर असते. कुठल्या झेंड्याखाली आला, हे आईला सलाइन लागलेलं असताना कोण बघतं?

त्याचा खरा प्रॉब्लेम दुसराच होता. हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत त्याचं पर्मनंटचं जमत आलं होतं. इंटरव्ह्यू झाले, पगार ठरला. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. फॉर्मवर एक साधा कॉलम असतो, 'तुमच्यावर कोणताही फौजदारी खटला प्रलंबित आहे का?' तुम्ही-आम्ही न वाचता 'नाही' वर टिक करतो. हा तिथे पंधरा मिनिटं थांबला. खरं लिहिलं. कंपनीनं कळवतो म्हणून सांगितलं, तीन महिने झाले.

राजकीय आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे निर्णय सरकार अधूनमधून काढतं, तेव्हा हाही भाऊंच्या ऑफिसात कागद देऊन आला. कागद पुढे गेलाय म्हणतात. तोवर शिवाजीनगर कोर्टाच्या तारखा सुरू आहेत. प्रत्येक तारखेला हाफ डे टाकायचा, कॉन्ट्रॅक्टवर असल्यानं पगार कापला जातो. पंचवीसपैकी चार-पाच जण येतात. भाऊंच्या वतीनं अर्ज येतो.

वकील पक्षानं दिला होता, फुकट. पण भाऊंनी तो पक्ष सोडल्यावर वकिलांनी फोन उचलणं बंद केलं. महिनाभर हा दुसरा वकील शोधत होता, फी ऐकून परत येत होता. मग एक दिवस त्याच वकिलांचा स्वतःहून फोन आला, येत्या तारखेला मीच उभा राहतो म्हणून. आदल्या आठवड्यात त्यांचाही प्रवेश झाला होता.